विश्लेषण : भारतातली ‘काटेरी’ डॅफ्निया अमेरिकेत घुसखोर का ठरली?

तळ्यातले पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरले, तर कधीकधी मोहरीहून लहान ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात. हे प्राणीप्लवक. डॅफ्निया हा त्यातलाच एक. तो शेवाळ खातो आणि माशांची पिल्ले त्याला खातात. डॅफ्निया लुमहोल्ट्झी ही त्याची एक प्रजाती भारतासह आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाची मूळ रहिवासी. अमेरिकेत मात्र ती ‘परकी’ म्हणून नोंदली जाते.

तिथे पोहोचली कशी?

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती टेक्सास आणि मिसूरीतल्या जलाशयांत सापडली. पुढे इलिनॉय नदी आणि ईरी सरोवरापर्यंत गेली. टेक्सासमध्ये हौशी मासेमारीसाठी आफ्रिकेतून नाइल पर्च मासे आणले गेले होते. त्यांच्यासोबतच ती आली असावी, असा अंदाज आहे.

स्थानिक प्रजातींना तिने हरवले?

‘परकी आली आणि स्थानिकांना संपवून गेली’ ही गोष्ट सांगायला सोपी, पण इथे ती जुळत नाही. एंगेल आणि टोलरियन या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिची गाठ डॅफ्निया प्युलिकॅरिया या अमेरिकी प्रजातीशी घालून दिली. मासे नसताना स्थानिक प्रजातीच वरचढ ठरली, कारण तिची वाढ वेगाने होते. माशांचा धोका आला की पारडे फिरते.

माशांच्या अंगातून पाण्यात एक रसायन उतरते. त्याची चाहूल लागली की लुमहोल्ट्झीच्या पिल्लांच्या डोक्यावर आणि शेपटीला लांबच लांब काटे येतात. छोट्या माशाला असा घास गिळणे अवघड जाते, मग तो बिनकाट्याच्या स्थानिक डॅफ्नियाकडे वळतो. म्हणजे स्पर्धेचा निकाल खाणारा तिसराच लावतो! (इंजिनीअरिंगला असताना ‘सिस्टीमची सीमा नीट आखा’ असे सर का बजावायचे, ते आत्ता कळले.)

उन्हाळ्याचा काय संबंध?

अमेरिकेत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी तापते आणि बऱ्याच स्थानिक डॅफ्निया कमी होतात. उष्ण प्रदेशातून आलेल्या लुमहोल्ट्झीला 25 अंश सेल्सिअसच्या वरचे पाणीही मानवते. त्यामुळे अनेक जलाशयांत तिने कुणाची जागा हिसकावण्यापेक्षा रिकामी जागा पकडली, असे म्हणणे जास्त योग्य. पाणी जितके जास्त दिवस गरम राहील, तितका तिचा मोसम लांबेल. पण याच काळात ब्लूगिलसारख्या माशांची पिल्ले वाढत असतात. समोर खाद्य भरपूर, पण ते काटेरी. खरी चिंता ही आहे.

तिला रोखता येईल?

अमेरिकेत बोट दुसऱ्या तलावात नेण्याआधी त्यातले पाणी काढून ती वाळवा, असे सांगितले जाते. अडचण अशी की, डॅफ्नियाची टणक कवचातली अंडी कोरडी पडली तरी जिवंत राहतात. लुमहोल्ट्झीचा शोधच तसा लागला. कार्ल लुमहोल्ट्झ या नॉर्वेजियन प्रवाशाने ऑस्ट्रेलियातून वाळलेला चिखल पाठवला होता. प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी नॉर्वेत तो पाण्यात भिजवला आणि त्यातून ही डॅफ्निया निघाली! 1885 मध्ये त्यांनी तिला लुमहोल्ट्झचे नाव दिले.