आधी वारा, मग पाणी

डिसेंबरात युरोपातल्या शिडाच्या बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात आणि हौशी दर्यावर्दी उबदार समुद्राच्या शोधाला लागतात. बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची, बेटाबेटांतून फिरायचं आणि रात्री बोटीवरच झोपायचं, अशी ही सुट्टी. ठिकाण ठरवताना चार गोष्टी ओळीने पाहाव्यात: पाणी, वारा, आडोसा आणि भरती-ओहोटी.

पाण्याची चाळणी सगळ्यात सोपी. हिवाळ्यात भूमध्य समुद्राचं पाणी 15-16 अंशांवर उतरतं, म्हणजे तो बाद. कॅनरी बेटांवर ऊन छान असतं, पण पाणी 19-20 अंश. डुबकी मारली की हुडहुडी भरते. कॅरिबियनमध्ये ते साधारण 26 आणि थायलंडच्या फुकेतजवळ 28 अंश असतं. सेशेल्सचं पाणीही असंच उबदार, पण तिथे सर्वाधिक पाऊस पडतो तो जानेवारीतच. तेव्हा नुसत्या तापमानावर भुलू नये.

खरी निवड वाऱ्यावर होते. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांतलं टॉर्टोला जवळजवळ आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्याच अक्षांशावर आहे, पण वाऱ्याचा स्वभाव निराळा. कोकणात हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा, आणि मधल्या वेळात शीड लोंबकळतं. टॉर्टोलाला मात्र व्यापारी वारे मिळतात. अटलांटिकवरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून हवा विषुववृत्ताकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते आणि पूर्व-ईशान्येकडून दिवसरात्र वाहत राहते. वेग बहुधा 15 ते 20 नॉट. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. नाताळच्या सुमारास हा वारा कधीकधी 25 नॉटच्या पुढे जातो, म्हणून नवख्यांनी फेब्रुवारी-मार्च गाठावा. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम.

फुकेतला हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे समुद्र शांत असतो. मार्चनंतर वारा मंदावतो आणि बरंच अंतर इंजिनावर कापावं लागतं.

तिसरा मुद्दा आडोशाचा. टॉर्टोलाच्या दक्षिणेला सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेल आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बेटं असल्याने मोठ्या लाटा सहसा आत येत नाहीत आणि पुढचा मुक्काम बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत असतो. 5-10 सागरी मैलांचा टप्पा दोन तासांत होतो. उत्तरेला तोंड असलेल्या खाड्या मात्र हिवाळ्यात बेभरवशाच्या: दूर उत्तर अटलांटिकमध्ये वादळ झालं, तर त्याच्या लाटा तिथवर येऊन रात्रभर बोट डोलवतात. फुकेतच्या फांगङा उपसागरात चुनखडीचे उभे सुळके वारा अडवतात.

चौथी गोष्ट भरती-ओहोटी, आणि ती नांगराच्या साखळीत दिसते. साखळी किती सोडायची याचा सर्वसाधारण नियम असा: पाण्याची खोली अधिक नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची, गुणिले पाच. खोली 4 मीटर आणि नाळ 1 मीटर उंच असेल तर 25 मीटर साखळी. टॉर्टोलाला भरती-ओहोटीत अर्ध्या मीटरचाही फरक नसतो, त्यामुळे हा हिशेब रात्रभर टिकतो. फुकेतला उधाणाच्या दिवसांत हा फरक 2-3 मीटर असतो. ओहोटीला 4 मीटर पाहून नांगर टाकला आणि पाणी अडीच मीटरने चढलं, तर साडेसदतीस मीटर साखळी हवी. 25 मीटरवर झोपलात, तर वारा वाढताच नांगर सरकू शकतो. उलट, भरतीला उथळ जागी थांबलेली बोट पहाटे तळाला टेकते.

कुठेही गेलात तरी दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचा. ऊन वर असतानाच पाण्याचा रंग वाचता येतो: फिकट हिरवा म्हणजे वाळू, गर्द निळा म्हणजे खोल पाणी, तपकिरी म्हणजे बहुधा प्रवाळ. बहुतेक चार्टर कंपन्या रात्री बोट हाकू देतही नाहीत. अनुभव कमी असेल तर स्किपर सोबत घ्यावा.

थोडक्यात, शीड हाकण्याची हौस असेल तर टॉर्टोला. घरात लहान मुलं आणि बोट लागणारी माणसं असतील तर डिसेंबर-जानेवारीतलं फुकेत, मात्र भरती-ओहोटीचं कोष्टक हाताशी ठेवून.