प्रश्नातच दडलेलं ‘हो’

आई विचारते, “तुला पाणी हवं का?” चार वर्षांचा मुलगा तिच्याच सुरात म्हणतो, “तुला पाणी हवं का?” पाहुण्यांना वाटतं, याला प्रश्नच कळला नाही. आई मात्र पेला पुढे करते आणि तो घटाघटा पाणी पितो. त्याने उत्तर दिलं होतं, फक्त ते आपल्या ओळखीचं नव्हतं!

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांच्या बोलण्यात ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं येतं. शास्त्रात याला एकोलालिया म्हणतात. ऑटिझम मोजतानाही ते धरलं जातं. भारतीय मुलांचा ऑटिझम मोजण्याची ‘आयएसएए’ ही पट्टी हैदराबादला खेटून असलेल्या सिकंदराबादेत तयार झाली. तिथल्या मनोविकास नगरमध्ये १९८४ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिचं हे काम. पट्टीत ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत असेल तर ऑटिझम नाही, १५३ च्या वर गेली तर तो तीव्र. २०१६ साली केंद्र सरकारने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ही पट्टी ठरवून दिली. तिच्यातले ९ मुद्दे भाषा आणि संवादाचे आहेत. एक मुद्दा ऐकलेलं परत बोलण्याचा, दुसरा ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या अदलाबदलीचा.

गंमत अशी, की ज्या बोलण्यामुळे इथे गुण चढतात, त्याच बोलण्यात मुलाचा निरोप असू शकतो. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन या अमेरिकी संशोधकांनी चार मुलांचे असे १,००९ उद्गार तपासले. मुलं काय म्हणाली एवढंच नव्हे, तर म्हणताना कुठे पाहत होती, हात कुठे गेला, हेही टिपलं. त्यातून सात प्रकारचे उपयोग निघाले. कधी मागणी, कधी होकार, कधी संभाषणातली आपली पाळी निभावणं, तर कधी स्वतःलाच आवरणं!

काही वाक्यं तर वर्षानुवर्षं मुरतात. १९४३ साली ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांनी तीन वर्षांनी एका मुलाची हकिगत लिहिली. पातेल्यासारखं काही दिसलं, की तो एका बालगीतातले दोन शब्द म्हणायचा. वरवर निव्वळ असंबद्ध. उलगडा झाला तो असा: तो दोन वर्षांचा असताना आई स्वयंपाकघरात तेच गीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं होतं. त्याच्यापुरतं पातेल्याचं नाव त्या क्षणी ठरलं!

आता असं एखादं मूल हैदराबादच्या मराठी घरातलं आहे असं समजा. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी, वर्गात इंग्रजी. ‘घरी एकच भाषा बोला’ असा सल्ला अशा पालकांना हमखास मिळतो. पण कॅनडातल्या २०१२ च्या एका अभ्यासात दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एकभाषिक ऑटिस्टिक मुलांपेक्षा बोलण्यात मागे आढळली नाहीत. उलट घरची भाषा तोडली, तर आजीच्या गोष्टी आणि आईची अंगाईच तुटते.

शाळेचं दार कायद्याने उघडलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. बोलण्याला पूरक ठरणारी संवादसाधनं शिक्षणात आणावीत, असंही हा कायदा सांगतो. आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवून बोलू देणारं ॲप मराठीतही आहे.

पण सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे एक वही. मूल कोणतं वाक्य केव्हा म्हणतं आणि त्यातून त्याला काय हवं असतं, हे घरच्यांनी तिच्यात लिहायचं, शिक्षकांनी वाचायचं आणि नवं सापडलं की भर घालायची. मग गणिताच्या तासाला “स्टेशन आलं, उतरा” असं कोणी म्हणालं, तर बाई त्याला गप्प बसवणार नाहीत. त्याला वर्गाबाहेर एक चक्कर मारून येऊ देतील.