पितळ उघडं पडेल?

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये आपण खरे हुशार नाही हे उघड होईल, या धास्तीला नाव दिलं, 'इम्पोस्टर फिनॉमिनन'. 'सिंड्रोम' हे शेपूट मागाहून चिकटलं आणि उगाच आजाराचा वास आला. मनोविकारांच्या अधिकृत यादीत तो नाहीच. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांतून क्लान्स आणि आइम्सना एक चक्र दिसलं. नवं काम आलं की पोटात गोळा, मग जागून तयारी किंवा शेवटपर्यंत टाळाटाळ. काम फत्ते झालं, तर श्रेय ढोरमेहनतीला नाहीतर नशिबाला. स्वतःच्या हुशारीला कधीच नाही! दोघींनी गटोपचार सुचवला. शेजारच्या हुशार बाईचीही हीच भीती तिच्याच तोंडून ऐकली, की तिचा गैरसमज चटकन दिसतो. स्वतःचा त्यानंतर, जरा सावकाश.