वहीची वाटणी

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. रामकुंडावर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि मग ‘आडनाव काय?’ एवढं कळलं की उपाध्ये कपाटभर वह्यांतून नेमकी एक काढतात; बाकीच्यांना हातही लावत नाहीत. संगणकवाले याच युक्तीला ‘पार्टिशन प्रूनिंग’ म्हणतात. पार्टिशन म्हणजे आपली वाटणी. तक्ता वरून एकच दिसतो, आत कप्पे वेगळे असतात.

एका उपाध्ये घराण्याच्या संमतीने त्यांच्या नामावळ्यांची सूची मी संगणकावर उतरवतो आहे. आराखड्यासाठी ‘मायएसक्यूएल वर्कबेंच’ वापरतो. तक्ता उघडला की ‘पार्टिशनिंग’ नावाचं एक पान असतं. तिथे खूण केली की यंत्र विचारतं, वाटणी कशावर? ‘रेंज’ म्हणजे अमुकपासून तमुकपर्यंत. ‘लिस्ट’ म्हणजे या कप्प्यात ही नावं, त्या कप्प्यात ती. ‘हॅश’मध्ये आकड्याला भाग देऊन उरेल त्या बाकीचा कप्पा.

सिंहस्थ बारा वर्षांनी, म्हणून शकाला बाराने भागावं असं कुणालाही सुचेल. पण गुरूची प्रदक्षिणा सुमारे 11.86 वर्षांची. 1980 नंतरचा सिंहस्थ 1991 साली आला, त्यानंतर 2003 आणि 2015. भागाकार इथे चुकतो. रेंज घेऊन शके 1913, 1925, 1937 अशा सीमा हातानेच लिहाव्या लागतात आणि शेवटचा कप्पा ‘मॅक्सव्हॅल्यू’ म्हणून उघडा ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या नोंदींना जागाच नाही.

गावावर लिस्ट केली तर अडचण वेगळी. गावाला क्रमांक द्यायचा, तो यादीत लिहायचा; यादीत नसलेलं गाव आलं की यंत्र नोंद सरळ नाकारतं. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’मध्ये 11व्या आवृत्तीपासून अशांसाठी ‘डिफॉल्ट’ कप्पा ठेवता येतो. मायएसक्यूएलमध्ये ती सोय नाही. शिवाय वाटणीचा रकाना प्रत्येक अनन्य किल्लीत असलाच पाहिजे. म्हणजे नुसता नोंद क्रमांक पुरत नाही, त्याला गाव जोडावं लागतं. दुसऱ्या तक्त्याशी ‘फॉरेन की’चं नातंही ठेवता येत नाही. घर वाटलं की सामाईक विहिरीवरून भांडण होतंच!

खरा पेच मात्र बाईच्या नावाचा. ती नोंदली जाते सासरच्या गावात. उद्या तिची नात आजीचं माहेर शोधत आली, तर गावाच्या वाटणीचा उपयोग शून्य. यंत्राला सगळे कप्पे उघडावे लागतात. जातीवर वाटणी करा, असं मला दोघातिघांनी सुचवलं. जुन्या वह्यांत तशी विभागणी सापडतेही. पण सूची म्हणजे वहीची नक्कल नव्हे. मी ते केलं नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. काही हजार नोंदींना वाटणी लागतच नाही, निर्देशांक पुरतो. वाटणी शोभते ती कोट्यवधी ओळींना, किंवा जुना कप्पा एका आज्ञेत काढून टाकायचा असेल तिथे. नामावळीतून काढायचं तर काहीच नसतं. म्हणून मी पार्टिशनिंगची खूण रिकामी ठेवली आणि गाव, आडनाव, माहेर या तीन रकान्यांवर निर्देशांक केले. माहेराचा रकाना बराचसा कोराच आहे. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तो भरतो आहे.