होडीचा पंखा कसा निवडावा?



होडीच्या मागे टांगलेले मशीन आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पण त्याच्या खाली पाण्यात बुडालेला पंखा सहसा कुणी पाहत नाही. खरे म्हणजे होडीला पुढे ढकलतो तो हा पंखाच! त्यालाच प्रोपेलर म्हणतात. माझे बाबा पर्यटकांना कर्लीच्या खाडीत फिरवून आणतात. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते येथे लिहीत आहे.

पंखा पाण्यात कसा चालतो? एक सोपा प्रयोग करून पहा. साबणाच्या वडीत एक स्क्रू पिळा. एक फेरा दिला की तो थोडा आत जातो. विरळ आट्यांचा स्क्रू एका फेऱ्यात जास्त आत जातो, दाट आट्यांचा कमी जातो. पंखाही पाण्यात असाच शिरतो. एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जायला हवा, त्या अंतराला पिच म्हणतात.

बहुतेक पंख्यांवर दोन आकडे असतात. समजा, १० × १२ असे लिहिले आहे. यातला पहिला आकडा पंख्याचा व्यास आणि दुसरा पिच. दोन्ही इंचांत.

आता गणित करू. मशीन मिनिटाला ५००० फेरे घेते आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २५०० फेरे घेतो असे धरा. पिच १० इंच, म्हणजे २५.४ सें.मी. तर पंखा मिनिटाला ६३५ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ३८ कि.मी. गेला पाहिजे. पण पाणी काही साबणासारखे घट्ट नाही. पंखा थोडा घसरतोच. ही घसर शंभरात वीस धरली, तर होडी तासाला ३० कि.मी. जाईल.

मग मोठ्या पिचचा पंखा लावला की होडी जोरात पळेल का? नाही बरे का! एस.टी. घाट चढताना ड्रायव्हर पहिला किंवा दुसरा गिअर टाकतो. त्याने गाडी हळू जाते, पण चढते. लहान पिच म्हणजे तो घाटातला गिअर. होडीत माणसे जास्त असतील तर तोच उपयोगी. हलक्या, रिकाम्या होडीला मोठा पिच चालतो. बाबा म्हणतात, "मोठो पंखो लावलो म्हणान होडी पळना नाय, होडीतला वजन बघूक होया."

आपला पंखा बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखावे? मशीनच्या पुस्तकात पूर्ण वेग दिल्यावर किती फेरे व्हावेत ते छापलेले असते. आमच्या मशीनचे ५००० ते ६००० आहेत. नेहमीएवढी माणसे आणि तेल घेऊन, शांत व मोकळ्या पाण्यात पूर्ण वेग द्यावा आणि फेरे मोजणारा काटा पहावा.

१) फेरे कमी पडले तर पिच जास्त आहे. मशीन कण्हते, तापते, तेल जास्त पिते.

२) फेरे मर्यादेच्या वर गेले तर पिच कमी आहे. मशीन नुसते ओरडते आणि लवकर झिजते.

पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. आमच्या होडीत माणसे भरल्यावर काटा ४७०० वर थांबत असे. बाबांनी १२ ऐवजी १० इंच पिचचा पंखा आणला. आता काटा ५१०० च्या आसपास जातो. ओहोटीच्या उलट्या ओढीतही भरलेली होडी नेटाने येते. आमचे घर या एका मशीनवर चालते, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पाती तीन असावीत की चार? तीन पात्यांचा पंखा बहुधा थोडा जास्त वेग देतो. चार पात्यांचा पाणी चांगले धरतो आणि हादरे कमी देतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त असतो, पण खडकाला लागला की वाकतो. स्टीलचा मजबूत पण महाग असतो, आणि जोराचा धक्का गिअरपर्यंत पोहोचवू शकतो. एक जादा पंखा होडीत ठेवावा हे उत्तम.

एक गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा शेतकरी होता. त्याने १८३६ साली स्क्रूसारख्या पंख्याचे पेटंट घेतले. १८३७ साली लंडनच्या एका कालव्यात चाचणी चालू असताना त्याचा लाकडी पंखा आपटून अर्धा तुटला, आणि होडी आधीपेक्षा जोरात पळू लागली! म्हणजे पंख्याची खरी परीक्षा पाण्यातच होते. शेजाऱ्याने लावला म्हणून तसाच आपण लावू नये.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. मशीन चालू असताना मागच्या बाजूने होडीत कधीही चढू नये व तिथे पोहू नये. पंख्यात जाळे किंवा पिशवी अडकली तर आधी मशीन बंद करावे, मगच हात घालावा. पंखा माणूस ओळखत नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी