शेवटच्या गाडीचा वेग

मोटरसायकल क्लबाच्या दिवसभराच्या फेरीचा विषय निघाला की चौकशी होते ती पुढच्या गाडीची: कोणत्या कंपनीची, किती सीसीची, किती पळते. फेरी सुखाची होणार की धावपळीची, हे मात्र सर्वांत मागच्या गाडीवर ठरतं. क्लबांच्या बोलीत पुढचा तो ‘लीड’ आणि शेवटचा तो ‘स्वीप’. गटाचा वेग लीडने नव्हे, स्वीपच्या सोयीने ठरावा, असं माझं ठाम मत आहे. ते पारखून पाहायला सौंदडच्या आसपासचे रस्ते फार चांगले. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने भंडारा, लाखनी, साकोली ओलांडून सौंदड येतं. पुढे कोहमाऱ्याच्या चौकात डावीकडे गोंदिया आणि उजवीकडे नवेगावबांध. महामार्गाच्या ऐसपैस रुंदीवर गटाच्या चुका झाकल्या जातात. नवेगावबांधच्या रस्त्याला लागलं की त्या उघड्या पडतात.

क्लबांचा इतिहास दोन ओळींत उरकतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड आली, १९६१ मध्ये म्हैसूरला जावा. या गाड्यांच्या प्रेमातून क्लब उभे राहिले आणि २०११ मध्ये पुण्यात ‘द बाइकर्नी’ हा बायकांचा क्लबही निघाला.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे अंतराचं गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर हवं, म्हणजे साधारण ३३ मीटर. बारा गाड्या एकामागे एक निघाल्या तर नुसत्या अंतरांचीच लांबी साडेतीनशे मीटरवर जाते. म्हणून सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिरकी रांग धरतात: एक गाडी लेनच्या उजव्या बाजूला, तिच्या मागची डाव्या बाजूला. तिरक्या शेजाऱ्यापासून एक सेकंद आणि आपल्याच चाकोरीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंद. वळण आलं की पुन्हा एकेरी. या तिरक्या रांगेतही बारा गाड्या १८० मीटर खातात. ताशी ८० ने येणाऱ्या जीपला ही रांग ओलांडायला तेहतीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सातशे मीटरहून पुढे गेलेली असते. समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल, तर तिला जवळजवळ दीड किलोमीटर रिकामा रस्ता हवा. दुपदरी रस्त्यावर तो मिळायचा कुठून? मग जीपवाला मध्येच घुसतो, रांग तुटते आणि दोष जीपवाल्याच्या माथी मारला जातो. हीच बारा माणसं चार-चारच्या तीन तुकड्यांत, मध्ये भरपूर जागा सोडून चालली, तर एकेक तुकडी पन्नास मीटरची होते आणि नऊ-दहा सेकंदांत मागे पडते.

दुसरा हिशेब मागे पडणाऱ्याचा. लीडने बैलगाडी ओलांडली, पण समोरून ट्रक आल्याने शेवटच्याला अर्धं मिनिट थांबावं लागलं. गट ६० ने चालत राहिला तर तो पाचशे मीटर मागे पडतो. ते अंतर भरायला त्याला ८० ने दीड मिनिट, म्हणजे पूर्ण दोन किलोमीटर गाडी हाणावी लागते. बहुतेक वेळा मागे असतो तो नवखा आणि त्याच्याच वाट्याला गटातला सर्वांत मोठा वेग येतो. यावर उपाय जुनाच आहे: प्रत्येकाने आपल्या आरशातला मागचा दिवा सांभाळायचा. तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. मग पुढचाही करतो आणि निरोप न देता बातमी लीडपर्यंत पोचते. नवख्याला लीडच्या लगेच मागे घ्यावं. स्वीप मात्र सर्वांत मुरलेला असावा आणि पंक्चरचं सामान, जादा क्लच केबल त्याच्याकडेच असावी.

यावर पहिला आक्षेप असा की, गटात माणूस ओढला जातो, त्यापेक्षा एकट्याने जावं. आक्षेप हलका नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली; त्यांतली ७४ हजारांहून अधिक दुचाकीवर होती. पण ओढला जातो तो पुढे पळणाऱ्याच्या मागे. वेग मागून ठरू लागला की ओढ उरत नाही, उलट पंक्चर झालेल्या माणसाजवळ कोणीतरी थांबलेलं असतं. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तिथे मी क्लबांची बाजू घेणार नाही. सायलेन्सर बदलून गावातून फटफटत जाणं बेकायदा आहेच, शिवाय ज्याच्या अंगणातून आपण जातो त्याचा तो अपमान आहे. ‘साठने जाण्यात मजा काय?’ या तिसऱ्या प्रश्नाला रस्ताच उत्तर देतो. दिवाळीच्या सुमाराला इकडे हलक्या धानाची कापणी चालू असते. बांध्यांमधून निघालेल्या बैलगाड्या पेंढ्यांनी इतक्या भरलेल्या असतात की मागून चाकंही दिसत नाहीत. डांबराच्या कडेला धान वाळत घातलेलं असतं आणि सांडलेली तणस रस्ताभर पसरते. सुकी तणस टायरखाली सरकते, दवाने भिजलेली तर साबणासारखी. तिच्यावर ब्रेक दाबायचा नसतो, आधीच वेग उतरवलेला असावा लागतो. त्यातच गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्री इथल्या झाडीपट्टीची नाटकं रंगतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. या दिवसांत रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा.

वेग उतरला की तलाव दिसू लागतात. ‘सात बहिणी’ नावाच्या डोंगरांमध्ये पाणी अडवून कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवेगावचा बांध घातला. पूर्व विदर्भातले असे माजी मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात आणि लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ८० ने जाणाऱ्याला तलावाची पाळ म्हणजे रस्त्याकडेचा उंचवटा वाटतो, पलीकडचं पाणी त्याच्या नजरेला पडतच नाही.

परतीची वेळ मात्र घड्याळावर सोडू नये. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि या दोन जंगलांच्या मधूनच महामार्ग जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया–कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात गाडीची धडक बसलेला वाघ दगावला. अंधार पडला की जनावरं रस्ता ओलांडू लागतात आणि दिव्याच्या झोतात रानडुक्कर दिसेपर्यंत दोन सेकंदांचं अंतर संपलेलं असतं. म्हणून ऊन कलण्याआधी नवेगाव सोडावं, कोहमाऱ्याला सगळे येईपर्यंत थांबावं आणि उजेड असतानाच सौंदडला पोचावं. तिथे चहा सांगण्याआधी गाड्या मोजाव्यात. बारा निघाल्या होत्या. अकरा आल्या असतील तर कोणी हेल्मेट काढायचं नाही.