पाव, चहा आणि कँटीनचं ताट

नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. मूळ वेतन, ग्रॅच्युइटी, कामाचे तास यांवर भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर काथ्याकूट झाला. कँटीनच्या तरतुदीकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असले तरच कँटीनची सक्ती करता येत असे. आता शंभर कामगार पुरेसे आहेत, आणि त्या शंभरात कंत्राटीही धरायचे आहेत.

तरतूद किरकोळ वाटते. पण कुणी कुणासोबत जेवायचं, या प्रश्नावर महाराष्ट्रात गुप्त सभा निघाल्या, फुटल्या आणि भल्याभल्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

साहेबाचं तसं सोपं होतं. 1764 मध्ये जोशुआ रेनल्ड्स आणि सॅम्युअल जॉन्सन यांनी लंडनमध्ये ‘द क्लब’ काढला. सभासद नऊ, जागा सोहोतली टर्क्स हेड खानावळ, आठवड्यातून एकदा जेवण आणि रात्र चढेपर्यंत गप्पा. बायकांना अर्थातच मज्जाव. तीच हौस मुंबईत 1833 मध्ये भायखळा क्लबच्या रूपानं उतरली. तिथे सभासद फक्त युरोपीय. हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सभासद करून घेणारा विलिंग्डन क्लब निघायला 1918 उजाडलं.

क्लबात साहेब इतरांना दाराबाहेर ठेवत होता. आपल्याकडे जातीबाहेरच्या हातचं खाल्लं, तर खाणाराच घराबाहेर.

म्हणूनच 1849 ची मुंबईतली परमहंस सभा या क्लबांपेक्षा कितीतरी धाडसी म्हणायला हवी. दादोबा पांडुरंग तिच्या प्रवर्तकांत, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यायचं. प्रवेश फी हीच! सारं बंद दाराआड, कारण बाहेर कळलं तर बहिष्कार ठरलेला. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादीच चोरीला गेली आणि सभा पांगली. तिच्यातलेच काही जण पुढे 1867 च्या प्रार्थना समाजात दिसतात. तिथलं काम उघड होतं.

पुण्यात तर नुसत्या चहानं हाहाकार उडवला. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले हजर होते. कुणी चहा प्यायले, कुणी कप तसाच ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी सर्वांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापवून आणली. गोपाळरावांच्या खोडसाळपणाला दाद द्यावी, की त्यांचे कान उपटावेत? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये ते घेतलं, तेव्हा सुधारकच त्यांच्यावर चिडले.

या घटनेला सत्तर वर्षं उलटेपर्यंत पुण्याच्या वेशीबाहेर कारखाने उभे राहू लागले होते. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पुढे टेल्को, आकुर्डीला बजाज. शिफ्टचा भोंगा झाला की जेवायला अर्धा तास. त्यात शेजारच्याची जात विचारायला सवड कुणाला? परमहंस सभेला लपूनछपून करावं लागलं, ते इथं कायद्यानं भरदुपारी होऊ लागलं. समाजसुधारणेच्या इतिहासात कँटीनला पान मिळालेलं नाही, हा अन्यायच आहे.

भिंती मात्र गेल्या नाहीत. साहेब लोकांची वेगळी डायनिंग रूम पुष्कळ कारखान्यांत टिकली, आणि आज कायम आणि कंत्राटी ही नवी पंगत आहे. संहितेनं कंत्राटी कामगाराला शंभरात मोजलं, पण त्याला कायम कामगाराच्याच दरात, त्याच रांगेत ताट मिळावं असं कँटीनच्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही. युनियननी पुढच्या करारात पगारवाढीच्या बरोबरीनं ही मागणी लिहून घ्यावी.